सिंगल फेज मंडळ

हॉस्पिटलच्या बाकावर माणसाला दोन-तीन तास बसवून ठेवलं की तो एकतर चिडतो, नाहीतर बोलायला लागतो. आम्ही दोन्ही करायचो. किस्से साठतात ते असे. घरी आल्यावर कुणी विचारलं, "आज काय झालं?" तर सांगण्यासारखं काही नसतं. रक्त दिलं, बीपी बघितलं, पुढची तारीख मिळाली. पण बाकावर काय झालं ते सांगायला बसले, तर संध्याकाळचा स्वयंपाक राहतो.

किडनीच्या कॅन्सरची ओपीडी मंगळवारी असायची. बाकावर आम्ही तिघं ठरलेले. मी शोभा, राहणार नाशिक रोड, वीज ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर जन्म काढून रिटायर झालेली. दुसरे पंचवटीतले गुरुजी. गोदावरीच्या घाटावर दशक्रिया, श्राद्धं करणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. आणि तिसरे पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे द्राक्षबाग असलेले भाऊसाहेब. तिघांचीही एकेक किडनी काढलेली.

नाव भाऊसाहेबांनी दिलं. ऑपरेशननंतर त्यांनी डॉक्टर मॅडमना विचारलं होतं, एका किडनीवर भागतं का? मॅडम म्हणाल्या, आरामात भागतं, फक्त तिला जपा. भाऊसाहेब बाहेर येऊन आमच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "म्हंजी आपण आता सिंगल फेजवर."

खेड्यात शेतीची लाइन थ्री फेज असते, ती काही तासच येते. एरवी सिंगल फेज. मी जन्मभर त्याच तक्रारी ऐकलेल्या, त्यामुळे मला उपमा एकदम पटली. भाऊसाहेबांनी पुढे खुलासा केला, "सिंगल फेजवर दिवे लागतात, पंखा चालतो, टीव्ही चालतो. मोटार तेवढी चालत नाय."

गुरुजींनी फार गंभीरपणे विचारलं, "मोटार म्हणजे नक्की काय?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि बायामाणसांसमोर नको म्हणून उत्तर गिळलं. तेव्हापासून आम्ही सिंगल फेज मंडळ.

*

माझीच गोष्ट आधी सांगते, म्हणजे दुसऱ्यांच्या सांगायला तोंड राहील.

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "काय तक्रार आहे?" सगळी नोकरी मी खिडकीतून हाच प्रश्न लोकांना विचारला. मला विचारणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. पित्ताच्या खड्यासाठी सोनोग्राफी केली, खडा नव्हता, पण किडनीवर गाठ दिसली. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही.

"तक्रार काहीच नाही," मी म्हटलं.

मॅडम म्हणाल्या, "याचं हेच वाईट असतं. हा तक्रार करत नाही."

ऑपरेशन झालं. कॉलनीत बातमी गेली ती अर्धीच गेली. "शोभाताईंची किडनी काढली" एवढंच लोकांना कळलं आणि पुढचं त्यांनी त्यांचं जुळवलं. माझ्या भावाला त्याच सुमाराला मुतखड्यासाठी ॲडमिट केलेलं. झालं! महिनाभर बायका भेटायला येत होत्या, ओटी भरत होत्या. एकीने तर वाकून पाया पडून घेतलं आणि डोळे पुसत म्हणाली, "आजकाल पाठची बहीणसुद्धा असं करत नाही हो."

मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. कॅन्सर हा शब्द तोंडातून निघाला की समोरचीचा चेहरा असा पडायचा की मलाच तिचं सांत्वन करावं लागायचं. त्यापेक्षा दान बरं. शेवटी भाऊच चिडून आला. म्हणाला, "ताई, माझ्या ऑफिसात लोक मला विचारतात, बहिणीची किडनी सूट झाली का?"

आम्ही दोघं खूप हसलो. मग तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. मी चहा ठेवला. त्याच्या पाठीकडे बघून मला कळत होतं की तो रडतोय, आणि त्याला कळत होतं की मला कळतंय.

*

गुरुजींचा प्रश्न वेगळाच होता. शास्त्राप्रमाणे अंगाने अपुरा माणूस श्राद्धकर्माला चालत नाही. एक बोट कमी असलं तरी लोक कुरकुरतात. मग किडनी नसलेला चालतो का?

मी म्हटलं, "गुरुजी, आत कोण बघतंय?"

"ज्याच्यासाठी करतो, तो बघतो," ते म्हणाले.

त्यांनी आपल्या गुरुबंधूंना विचारलं, ग्रंथ काढले. ग्रंथांत दात, डोळे, कान, बोटं, सगळ्यांचा विचार केलेला. किडनीचा कुणी केलेला नाही. शेवटी त्यांनी स्वतःच निर्णय दिला की जे दिसत नाही ते असलं काय नि नसलं काय. निर्णय झाला, पण मनाची टोचणी गेली नाही. त्यांनी मॅडमना विचारलं, काढलेली किडनी कुठे आहे? मॅडमनी सांगितलं, लॅबमध्ये आहे, तिच्या चकत्या करून काचेवर लावल्या, त्यावरून गाठ कुठल्या जातीची ते समजलं.

गुरुजी बाहेर आले ते गप्पच. पुढचं गुरुजींनी मला नंतर कधीतरी सांगितलं. डिस्चार्ज मिळाल्यावर पहिल्यांदा घाटावर गेले तेव्हा दुसऱ्या कुणाचं काम सुरू करण्याआधी त्यांनी तीळ हातात घेतले आणि पाण्यात सोडले. स्वतःच्या किडनीला.

"काय म्हटलंत?" मी विचारलं.

"गोत्र तर माझंच. नाव नव्हतं तिला, मग 'डावी' म्हटलं."

हे ऐकून मला आधी हसू आलं आणि ते तोंडातच राहिलं. जन्मभर लोकांच्या मृत्यूची कामं केलेला माणूस. आपल्या स्वतःच्या मरणाचा पहिला हप्ता त्याने असा, कुणाला न सांगता, सकाळच्या थंड पाण्यात उभं राहून दिला होता.

*

त्यांचा हट्टीपणा कळावा म्हणून एक सांगते. दहाव्याला पिंड ठेवला की कावळा शिवायची वाट बघतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कावळा शिवेपर्यंत घरच्यांनी पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि नाहीच शिवला, तर गुरुजी दर्भाचा कावळा करतात आणि तो पिंडाला लावतात. तेही शास्त्रात बसतं. पुष्कळ जण ऊन चढायच्या आतच दर्भ हातात घेतात, कारण पुढचं काम खोळंबलेलं असतं, लोकांना गाड्या धरायच्या असतात.

आमचे गुरुजी घ्यायचे नाहीत. दुपार कलेपर्यंत बसून राहायचे. लोक घड्याळं बघायचे, पुटपुटायचे, कुणी दक्षिणा वाढवून बघायचं. गुरुजी जागचे हलायचे नाहीत. भाऊसाहेबांनी त्यांना बाकावर विचारलं होतं, एवढा कशाला ताण घेता, गवताचा तर गवताचा.

गुरुजी म्हणाले, "मेलेल्या माणसाची ही शेवटची तक्रार. ती ऐकून घ्यायला दोन तास बसायला काय जातं आपलं?"

तक्रारीच्या खिडकीवर बसून मी इतकी वर्षं पगार घेतला. हे वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर लोकांची तोंडं जरा कमी कडू झाली असती.

*

आता भाऊसाहेबांचं सांगते. त्यांच्याकडेच सगळे किस्से जाऊन थांबतात.

त्यांना लघवी लाल झाली. दुखलं काहीच नाही. बागेत औषध फवारायचे दिवस, ऊन मरणाचं. त्यांना वाटलं, उन्हाळी लागली. आपल्याकडे उन्हाळी लागली की उपाय घरातच असतो. भिजवलेला सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी. त्यांनी सब्जा प्यायला. चार दिवसांनी लघवी साफ झाली. म्हटलं, गेली उन्हाळी. दोन महिन्यांनी परत लाल, परत सब्जा, परत साफ. असं वर्षभर चाललं. बायकोला, हिरावहिनींना, त्यांनी लालचं सांगितलंच नाही. सांगायची लाज वाटली. लग्नाला एवढी वर्षं झालेली, दोन मुली सासरी गेलेल्या, आणि लघवीचा रंग बायकोला सांगायची लाज!

मॅडम त्यांना रागावल्या नाहीत, पण समजावून सांगितलं. उन्हाळी लागली तर आग होते, वेदना होते. न दुखता रक्त येतं, ती उन्हाळी नव्हे. बऱ्याचदा तेही साधंच काही निघतं, पण बघितल्याशिवाय कळत नाही. आणि रक्त आपोआप थांबलं म्हणजे आजार थांबला असं नाही.

भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, सब्ज्याने थांबलं असं मी वर्षभर लोकांना सांगत व्हतो."

मग त्यांनी बागाईतदाराचा प्रश्न विचारला. वेलाची खराब काडी तेवढी छाटतात, अख्खा वेल कुणी उपटत नाही. तशी किडनीची नुसती छाटणी होत नाही का? मॅडम म्हणाल्या, होते. गाठ लहान असती तर तेवढाच तुकडा काढून उरलेली किडनी वाचवली असती. तुमची मोठी होऊन शिरेत उतरली आहे.

"छाटणी टायमावर पाहिजे," भाऊसाहेब म्हणाले. त्यांना दुसऱ्या कुणी समजवायची गरज पडली नाही. ऑपरेशन झालं, सहा महिने बरे गेले, आणि मग स्कॅनमध्ये फुप्फुसात ठिपके दिसले.

*

गोळ्या सुरू झाल्या. केमो नाही. या कॅन्सरवर नेहमीची केमो फारशी चालत नाही, त्यामुळे गोळ्या, नाहीतर सलाईनमधून दुसऱ्या प्रकारची इंजेक्शनं. हे आम्हाला कळलं, पण गावाला कसं कळणार? भाऊसाहेबांचे केस जागच्या जागी बघून पाहुणे नाराज व्हायचे. एक चुलते सरळ म्हणाले, "केस गेले नाय म्हंजी डॉक्टर तुला नीट औषध देत नाय."

केस गेले नाहीत, पण पांढरे झाले. त्या गोळीचा तो गुणच आहे, केसांचा रंग जातो. डोकं, मिशी, भुवयासुद्धा पांढऱ्याफेक. तळहात-तळपाय सोलायला लागले, बीपी वाढलं, तेव्हा मॅडमनी गोळी काही दिवस बंद ठेवली. तेवढ्या दिवसांत मुळापाशी काळे केस आले. गोळी परत सुरू केली, परत पांढरे. मिशीला पट्टे पडले.

"झेब्रा क्रॉसिंग," भाऊसाहेब मिशीवरून बोट फिरवून म्हणायचे. "ताई, यावरून रस्ता ओलांडायचाय."

गुरुजी म्हणाले, "घाई करू नका. सिग्नल पडू द्या."

*

गुरुजींचा स्कॅन अमावस्येला आला तो किस्सा छोटासाच आहे. वर्षानुवर्षं लोकांना मुहूर्त काढून देणारा माणूस, त्याला मशीनची तारीख मिळाली नेमकी सर्वपित्रीची. ते काउंटरवर जाऊन म्हणाले, त्या दिवशी मला वेळ नाही आणि दिवसही बरा नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मग पुढच्या महिन्यात या. गुरुजींनी मुकाट्याने तीच तारीख घेतली. पहाटेपासून घाटावरची कामं उरकून, ओल्या सोवळ्यावर शर्ट चढवून ते स्कॅनला आले.

स्कॅन साफ आला. आम्ही म्हटलं, पेढे द्या. ते म्हणाले, "सहा महिन्यांचे पेढे कुणी वाटतं का?" पण दिले.

भाऊसाहेबांनी दोन पेढे घेतले. त्या दिवशी त्यांचाही रिपोर्ट आला होता. ठिपके वाढले होते. त्यांनी ते आम्हाला पेढा खाऊन झाल्यावर सांगितलं.

*

एके मंगळवारी भाऊसाहेब आले ते बसलेच नाहीत. येरझाऱ्या घालत राहिले. मी विचारलं, काय झालं?

"दत्तू सब्जा पिऊ राह्यला, ताई."

दत्तू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. एकाच घरात राहणारे, एकच बाग कसणारे. भाऊसाहेबांनी सकाळी ओट्यावर स्टीलचा ग्लास बघितला, तळाला सब्जा फुगलेला. त्यांनी विचारलं, कुणाचा? दत्तू म्हणाला, माझा, उन्हाळी लागली. लाल होते का, विचारल्यावर म्हणाला, थोडी. दुखते का? नाही.

भाऊसाहेबांनी तो ग्लास उचलून मोरीत ओतला. दत्तू रागावला. त्याचं म्हणणं, एका घरात दोघांना तोच आजार कसा होईल, हा काय सर्दी-पडसं आहे? मॅडमनी सांगितलं, भावाला झाला म्हणून भावाला होईलच असं मुळीच नाही, कदाचित साधं इन्फेक्शन असेल, पण सोनोग्राफी कराच. पोटावरून मशीन फिरवायचं, सुई नाही, काही नाही.

दत्तू म्हणाला, छाटणी होऊ दे. छाटणी झाली. म्हणाला, घडांची विरळणी होऊ दे, मजूर मिळत नाहीत. विरळणी झाली. म्हणाला, माल निघू दे. माल निघाला, गाडी भरून गेली. मग म्हणाला, आता रक्त येतच नाही, कशाला करू? भाऊसाहेब हे सगळं आम्हाला मंगळवारी येऊन सांगायचे. स्वतःच्या फुप्फुसाबद्दल ते बोलत नसत. मॅडमपुढे बसले तरी पहिल्यांदा दत्तूचंच काढायचे.

"तुमचं बोला," मॅडम म्हणायच्या.

"माझं तुम्ही बघताय ना. त्याचं कोण बघंल?"

*

पुतण्याच्या लग्नात भाऊसाहेबांनी माइक घेतला. आम्ही दोघं आमंत्रणावरून गेलो होतो, म्हणून हा किस्सा डोळ्यांदेखतचा आहे. पिंपळगावकडच्या लग्नात मंगलाष्टकांच्या आधी मान्यवरांची नावं पुकारतात, आमदार, सरपंच, सोसायटीचे चेअरमन. अर्धा तास तेच चालतं. भाऊसाहेबांना आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला बोलावलं. पट्टे पडलेल्या मिशीवर फेटा बांधून ते उभे राहिले.

"वधूवरांना आशीर्वाद हायेच," ते म्हणाले. "पण मंडळी, एक ऐका. लघवी लाल झाली आणि दुखत नसलं, तर ती उन्हाळी नव्हं. सब्जा पिऊ नका. डॉक्टरला दाखवा. मी लाजलो, तुम्ही लाजू नका."

मागे पोरं फिदीफिदी हसली. बँडवाल्याला वाटलं भाषण संपलं, त्याने पिपाणी फुंकली. दत्तू स्टेजवर चढला, त्याने भावाच्या हातातून माइक घेतला आणि पुढचं नाव पुकारलं. त्याचे कान लाल झाले होते. दिवसभर तो भाऊसाहेबांशी बोलला नाही.

जेवणं चालू असताना मात्र एक म्हातारा भाऊसाहेबांना हात धरून मांडवाच्या मागे घेऊन गेला. मग एक तरुण गेला. मग एका बाईने मला गाठून हळूच विचारलं, बायकांनाही होतं का हो? मी म्हटलं, मी कोण आहे मग?

"आख्खं लग्न आलं," भाऊसाहेब निघताना म्हणाले. "ज्याच्यासाठी बोललो त्यो नाय आला."

*

पुढचा किस्सा मला सांगवत नाही, पण गाळला तर बाकीच्यांना अर्थ राहत नाही.

गोळी चालेनाशी झाली. इंजेक्शनं देऊन झाली, तीही थांबवावी लागली. मॅडमनी भाऊसाहेबांना खुर्चीत बसवून स्पष्ट सांगितलं की आता कॅन्सरवरचं औषध बंद करू, वेदना आणि दम यांवरचं देत राहू. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, हिराला आजच सांगायला पाहिजे का? मॅडम म्हणाल्या, तुम्हाला जमेल तेव्हा सांगा. आठवडे गेले, त्यांना जमलं नाही.

मग एका मंगळवारी नुसत्या हिरावहिनीच आल्या, औषधं न्यायला. बाई फुललेल्या होत्या. बाकावर माझ्याशेजारी बसल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, केस काळे येऊ राह्यले. मिशी पण. बघा म्हटलं, उतार पडला."

मी गुरुजींकडे बघितलं. ते खाली फरशीकडे बघत होते. गोळी बंद झाली की काळे येतात, हे आम्हाला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, मागे तिनेच बघितलं होतं. पण आशा लागली की माणूस डोळ्यांनी बघितलेलंही विसरतो. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "हो का?"

तीन आठवड्यांनी भाऊसाहेब गेले. डोक्यावर सगळे केस काळे होते. आलेल्या बायका म्हणत होत्या, किती तरुण दिसतो माणूस.

*

दहाव्याला घाटावर गेलो. गुरुजींनीच काम घेतलं होतं. भाऊसाहेबांना मुलगा नाही, त्यामुळे सगळं दत्तूच्या हातून. डोकं भादरलेला, उघडा, ओल्या धोतरात दत्तू पिंड ठेवून मागे सरकला आणि आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो.

कावळे होते. पत्र्याच्या शेडवर ओळीने बसले होते. शेजारच्या पिंडांवर तुटून पडत होते. आमच्याकडे एक येईना.

हिरावहिनी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, मी रडत बसणार नाय, खाऊन पिऊन राहीन. कावळा आला नाही. मुली म्हणाल्या, आईला अंतर देणार नाही. नाही आला. दत्तू म्हणाला, बाग विकणार नाय, तुझा वेल तसाच ठेवीन. एक कावळा उडाला, सगळ्यांच्या माना वळल्या, तो पलीकडे गेला. ऊन चढलं. मंडळी चुळबुळायला लागली. कुणीतरी दर्भाचं नाव काढलं. गुरुजींनी त्या माणसाकडे नुसतं बघितलं आणि तो गप्प झाला.

मग गुरुजी दत्तूकडे वळले. "तो दर मंगळवारी माझ्याशेजारी बसायचा. त्याने बागेचं कधी विचारलं नाही. त्याला काय पाहिजे होतं, ते तुला माहीत आहे."

दत्तूने पिंडाकडे बघून हात जोडले. म्हणाला, "दादा, उद्या करतो सोनोग्राफी."

कावळे जागचे हलले नाहीत.

"उद्या त्याने पुष्कळ ऐकले," गुरुजी म्हणाले.

दत्तूचा चेहरा कसानुसा झाला. "आत्ता? असं? विधी अर्धा टाकून?"

"विधीपाशी मी बसलोय. तू जा. शोभाताई, घेऊन जा याला."

इतकी वर्षं घाटावर ज्यांनी कुणाला एक मंत्र गाळू दिला नाही, त्यांनी हे सांगितलं. दत्तूने खांद्यावर उपरणं टाकलं आणि आम्ही रिक्षात बसलो. पंचवटीतच मालेगाव स्टँडजवळ सोनोग्राफी सेंटर आहे. वाटेत मी मॅडमना फोन केला, त्यांनी व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवली. काउंटरवरच्या मुलीने ओल्या धोतरातल्या, भादरलेल्या माणसाकडे बघितलं, आणि काही न विचारता नाव लिहून घेतलं. म्हणाली, "काका, ब्लॅडर भरलेलं लागतं. हे पाणी प्या सगळं, लघवी लागली की सांगा."

तिने पाण्याचा जग आणि ग्लास समोर ठेवला. दत्तूने हात मागे घेतला.

"ताई, कावळा शिवल्याशिवाय पाणी कसं पिऊ?"

मी समजावलं. मुलीने समजावलं. तो भरलेल्या ग्लासाकडे बघत बसून राहिला, ओठ सुकलेले, आणि मान हलवत राहिला. एकदा फक्त म्हणाला, "आयुष्यभर त्याचं ऐकलं नाय. आता त्याच्या आधी पाणी पिऊ?"

शेवटी मी गुरुजींना फोन लावला. मागे घाटावरचा गलका ऐकू येत होता. मी सांगितलं, मशीन तयार आहे, पाणी प्यायल्याशिवाय होत नाही, आणि हा पीत नाही. विचारलं, "गुरुजी, कावळा शिवला का?"

फोनमध्ये कावळ्यांची कावकाव लांबूनच, शेडवरून आल्यासारखी ऐकू येत होती. अजून दुपारसुद्धा झाली नव्हती.

मग गुरुजी म्हणाले, "शिवला. त्याला म्हणावं, पी."

दत्तूने दोन्ही हातांनी ग्लास उचलला.